यायोच्या पोराचा तांदूळ

हातपाय धड होते, घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं नव्हतं, आणि तरी मी आयुष्यात दोन वर्षं मजुरीला गेले नाही. आमच्या भागातल्या, माझ्या वयाच्या, आमच्यासारख्या घरातल्या बायांमध्ये असं सांगू शकणारी दुसरी कोणी मला भेटलेली नाही.

हल्ली घरी नातवंडं जमली की वाद घालतात. सरकारनं प्रत्येक माणसाला, तो काम करो न करो, पोटापुरते पैसे दर महिन्याला द्यावेत की नाही, असा तो वाद असतो. नातू म्हणतो, लोक आळशी होतील. नात म्हणते, लोक एकदाचे मोकळे होतील. मला कोणी विचारत नाही, आणि विचारलं तरी मला होय किंवा नाही असं उत्तर देता येणार नाही. मला फक्त माझी ती दोन वर्षं सांगता येतील, आणि ज्या म्हातारीमुळे ती मिळाली ती म्हातारी.

लग्न होऊन मी कुरखेड्याच्या पलीकडच्या एका लहान गावात आले, तेव्हा आमचा जिल्हा चांद्याचा होता. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, कायद्यानं नुकतीच गेली होती, पण गावातल्या पाण्याखालच्या धानाच्या चांगल्या बांध्या अजून मालगुजाराच्याच ताब्यात होत्या आणि माझा नवरा त्याच्याकडे सालानं राबत होता. सालाच्या धानावर एक माणूस कसाबसा जगतो. दुसऱ्यानं आपलं पोट आपण भरायचं, हे न बोलता ठरलेलं असे. बाईचं पोट म्हणजे पावसाळ्यात रोवणा, म्हणजे धानाची लावणी, मग निंदण, मग कापणी, उन्हाळा लागला की मोहफुलं, आणि शेवटी तेंदूची पानं. मी माहेरी चौथीपर्यंत शिकले होते. सासरी त्याचं कोणाला कौतुक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही राहिलं नव्हतं. चिखलात रोप लावताना सगळ्यांचे हात सारखेच चालतात.

माझं पहिलं मूल रोवण्यात गेलं. दिवसभर पाण्यात वाकून होते, आणि संध्याकाळी बांधावरच कळा सुरू झाल्या. महिने भरले नव्हते. दुसरं कापणीच्या दिवसांत झालं. ते रडलं सुद्धा. मग रडायचं थांबलं. दोन्ही वेळा माझा नवरा एकटाच नाल्यापलीकडे गेला आणि परत येऊन अंगणात हात धूत बसला. तो मुळातच कमी बोलणारा. त्यानंतर आणखी कमी झाला.

गावच्या सुईणीनं मला सांगितलं होतं की, पोट राहिल्यावर वाकायचं काम सोड, म्हणजे मूल टिकेल. सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. तिला माहीत होतं की हे सांगणं म्हणजे ज्याच्या घरी गाय नाही त्याला रोज दूध पी म्हणण्यासारखं आहे.

आमच्या घराच्या मागे गोंडांची टोली होती. आमच्या परसाचं कुंपण संपे तिथे एका म्हातारीची झोपडी होती. तिला सगळं गाव यायो म्हणे. गोंडीत यायो म्हणजे आई. नवरा केव्हाच वारलेला, आणि एकच मुलगा. मोठ्या लढाईच्या दिवसांत फौजेला रस्ते करायला माणसं हवी होती, तेव्हा तो भरतीवाल्यांबरोबर निघून गेला. बर्मेच्या बाजूला गेला एवढंच गावाला कळलं. पुढे लढाई संपली, इंग्रज गेले, आणि तो आला नाही. सरकारकडून निरोप आला की तो सापडत नाही, तेव्हा तो मेला असं धरलं आहे, आणि त्याच्या आईला दर महिन्याला पैसे मिळतील.

यायोनं पहिल्यांदा ते पैसे परत पाठवले. पोस्टाचा माणूस भला होता. मैलोगणती चालत यायचा, पायांत टायरच्या चपला असायच्या. त्यानं तिला समजावलं की, बाई, पैसे परत केलेस तर तिकडच्या कागदावरून तुझ्या मुलाचं नाव खोडून टाकतील. हे तिच्या मनात बसलं. नाव खोडलं तर तो परत आल्यावर त्याला ओळखणार कोण? म्हणून ती पैसे घेऊ लागली. अंगठा द्यायची, आणि साक्षीदार म्हणून मी सही करायची, कारण जवळपास लिहिता येणारी मीच होते. आमची ओळख अशी झाली. पण त्या पैशांतलं ती काही खात नसे. आढ्याला टांगलेल्या एका गाडग्यात ते टाकायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आमच्याबरोबर चिखलात उतरायची. बायका तिला चिक्कू म्हणत, काही वेडी म्हणत. घरबसल्या खायला मिळत असताना या वयात हाडं झिजवते, आणि आमच्यातल्या एकीची मजुरी अडवते, असंही म्हणत. ती ऐकून घ्यायची.

त्यांच्यात माणूस गेलं की काही दिवसांनी त्याच्या नावानं गावाबाहेर दगड उभा करतात. टोलीतल्या लोकांनी मुलाचा दगड उभा करू या म्हटलं, तेव्हा ती एवढी चिडली की पुन्हा कोणी विषय काढला नाही.

तिसऱ्यांदा मला दिवस गेले ते उन्हाळ्यात. मी कोणाला सांगितलं नव्हतं, पण यायोच्या लक्षात आलं. मोहाखाली फुलं वेचताना मी मध्येच बसते, हे तिनं पाहिलं होतं. रोहिणी लागली, रोपांसाठी पऱ्हे टाकायची घाई सुरू झाली, तेव्हा एका सकाळी ती कुंपणाच्या फटीतून परसात आली. तिच्या हातात ते गाडगं होतं.

"यंदा तू रोवण्यात नोको जाऊ," ती म्हणाली.

मी विचारलं, मग आम्ही खायचं काय?

तिनं गाडगं माझ्यापुढे ठेवलं. "हे खाय. मले हे खाता येत नाई. मी खाल्लं तं माया पोरगा मेला असं मीच म्हटल्यासारखं होते. तुले खाता येते. तुया पोटातल्या लेकराले काय मालूम, पैसे कोणाचे हायेत ते."

मी घाबरले. नवरा आला तेव्हा त्याच्या कानावर घातलं. तो म्हणाला की हे घेता येणार नाही. मग यायोला बोलावून त्यानं विचारलं, हे आम्ही फेडायचं कसं? ती म्हणाली, फेडायचं नाही, मी उधार देत नाही. मग ती उठून गेली आणि गाडगं तिथेच राहिलं. तो त्याच्याकडे बघत राहिला. त्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला माहीत होतं. गावात जो तो म्हणेल की सालदाराची बायको गोंडणीच्या पैशावर बसून खाते. दुसऱ्या दिवशी सकाळी बैल सोडायला निघताना तो दारात थांबला.

"राय घरी," तो म्हणाला. "मायाच्यानं आता आणखी एक खड्डा नाई खणल्या जात."

तेवढं बोलून तो गेला. ते खड्डे खणताना त्याला काय झालं असेल, याचा मी तोवर विचारच केला नव्हता. मला वाटायचं, दुःख माझ्या एकटीच्या अंगाचं आहे.

रोवणा सुरू झाला. पहिल्या दिवशी बाया माझ्या दारावरून गेल्या. दर वर्षी त्या हाक मारत आणि मी पदर खोचत बाहेर पडे. त्या दिवशी हाक आली नाही. मी दाराच्या आत उभी होते. कोणीतरी हसून म्हणालं की राणीसाहेबांची झोप झाली नसेल. मग पावलांचा चिखलातला आवाज पुढे गेला आणि गाव एकदम रिकामं झालं.

सुट्टी मिळाल्याचा आनंद होतो असं शिकलेली माणसं म्हणतात. मला भीती वाटली. सकाळी चूल झाली, पाणी भरून झालं, आणि पुढे पूर्ण दिवस होता. मी जमीन सारवली. वाळल्यावर पुन्हा सारवली. भिंत पोतारली. नवरा संध्याकाळी आला आणि म्हणाला, किती सारवतेस, घर लहान होऊन राह्यलं. असे काही दिवस गेले. आपण आज काही केलं नाही आणि तरी ताटात भात आहे, हे मनाला पटत नव्हतं. लहानपणापासून माझ्या मनात पक्कं बसलेलं होतं की, भात कमरेच्या दुखण्यातून येतो. कमर दुखत नव्हती, म्हणजे हा भात चोरीचा असावा, असं काहीसं.

मग एका दुपारी मी भिंतीला टेकून बसले होते आणि झोपले. जागी झाले तेव्हा पाऊस पडून गेला होता, अंगणात चिमण्या पाणी पीत होत्या. मला आठवेना की मी दिवसा कधी झोपले होते. अंग हलकं झालं होतं. पोटातलं मूल पहिल्यांदा हललं ते त्याच सुमाराला. आधीच्या दोन्ही वेळांना ते कधी हललं हे मला माहीतच नाही. चिखलात उभं असताना असलं काही कळत नाही.

दुपारचं गाव मी तोवर पाहिलं नव्हतं. पाहिलं असेल तर जाता येता. रोवण्याच्या दिवसांत दुपारी गावात उरतं कोण? हलता न येणारे म्हातारे, शेळ्या आणि तान्ही मुलं. एकेका घरातून रडण्याचा आवाज येई आणि दमून थांबे. थोड्या वेळानं दुसऱ्या घरातून येई. काही घरांतून आवाज येतच नसे. मी एकदा न राहवून अशा एका घरात डोकावले. मूल पाळण्यात पडलेलं, डोळे अर्धे उघडे, माशा बसलेल्या. आईनं कामावर जाताना बोटाला अफू लावून चाटवली होती. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, बऱ्याच जणी तसं करत. मूल निजून राहावं म्हणून. दुसरं काय करणार? पान्हा दाटून आला की बांधावर बसून दूध मातीत पिळून टाकायच्या आणि पुन्हा ओळीत उभ्या राहायच्या.

मी ते मूल उचलून घरी आणलं. कोणाला विचारलं नाही. संध्याकाळी त्याची आई धावत आली, मला वाटलं भांडेल. तिनं मूल घेतलं, त्याला पदराखाली धरलं आणि माझ्या ओट्यावरच बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतः मूल आणून देऊन गेली. मग आणखी एक आली. पाऊस वाढला तसा माझ्या ओट्यावर मुलांचा गलका वाढला. सर्वांना पेज पाजायची, माशा वारायच्या, रांगणारी पायरीवरून पडू नयेत म्हणून आडवं लाकूड टाकायचं. मला कोणी मजुरी देत नव्हतं आणि मी मागितली नाही. मजुरीची गरज नव्हती म्हणून मला हे करता आलं. ही साधी गोष्ट आहे, पण ती माझ्या फार उशिरा लक्षात आली. पुढे म्हातारपणी मी सरकारी बालवाडीत मदतनीस झाले, तेव्हा साहेबानं विचारलं की अनुभव आहे का. मी आहे म्हटलं. कुठला ते सांगितलं नाही.

राणीसाहेब म्हणणं बंद झालं. बाया मावळतीला मुलं न्यायला येत, घटकाभर टेकत, पायाचा चिखल खरवडत बोलत. त्यांच्यात शेवटी यायची ती यायो. तिला कोणतं मूल न्यायचं नव्हतं, तरी ती यायची. तिचे पाय पाण्यानं पांढरे पडून फाटलेले असत. ती पाय पसरून बसायची आणि सगळ्या मुलांकडे बघायची. मला ते सोसत नसे. मी कोरडी बसून तिचे पैसे खात होते आणि ती, माझ्या आजीच्या वयाची, माझ्या जागेवर ओळीत वाकत होती. एकदा मी तिला म्हटलं की, यायो, माझं मन मला खातं, तू बस आता, आपण दोघी मिळून खाऊ.

तिनं पाय चोळता चोळता सांगितलं, "मी बसली तं दिवसभर त्याचाच विचार येईल. कामात रायली का एक दिवस जाते. असे दिवस गेले का तो येईल."

मी उठून तिच्या पायांवर कोमट पाणी ओतलं.

मुलगी पौषात झाली. थंडी एवढी होती की सुईण विस्तवाजवळून उठायला तयार नव्हती. मुलगी पूर्ण दिवसांची, लालबुंद, हातापायांनी भरलेली. नवरा बाहेर बसला होता. रडण्याचा आवाज ऐकूनही तो आत आला नाही. सकाळपर्यंत ती रडत राहील की थांबेल, हे त्याला बघायचं होतं. ऊन वर आल्यावर तो आत आला, तिच्याकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. यायोनं मुलीला मांडीवर घेऊन गोंडीत काहीतरी सांगितलं. मी विचारलं तेव्हा म्हणाली, तुझा मामा आला की त्याला सांग, तुझ्या पैशानं मी मोठी झाली.

ती मुलगी जगली. आज तिलाच नातवंडं आहेत.

त्या उन्हाळ्यात यायो आजारी पडली. मोहफुलं वेचायला पहाटे जंगलात गेली होती, तिथेच बसून राहिली. टोलीतल्या माणसांनी उचलून आणली. ताप होता. उतरायचा, पुन्हा चढायचा. त्यांच्या वैद्यानं मुळ्या दिल्या, बाजारातून आणलेल्या गोळ्या आम्ही दिल्या. पाय मात्र गेले ते गेलेच. धरून उठवलं तरी ती उभी राहू शकत नव्हती.

तिच्या घरात साठवलेलं फार थोडं होतं. टोलीतल्या लोकांनी आळीपाळीनं खायला दिलं, पण तो उन्हाळा सगळ्यांनाच कठीण होता. मी तिला रोज आंबील नेऊन देई. ती आधी विचारी, सालाच्या धानाची आहे ना? मी हो म्हणे, आणि ते खरं असे, कारण तिच्यासाठी मी ती वेगळी करत होते. मृग जवळ आला तेव्हा सालाचं धान संपलं. नवऱ्यानं मालगुजाराकडे आगाऊ मागितलं, त्यानं रोवणा झाल्यावर बघू म्हटलं. घरात राहिला तो गाडग्यातल्या पैशांनी बाजारातून आणलेला तांदूळ.

एक दिवस तिनं काही खाल्लं नाही. मी आणलेली त्या तांदळाची पेज तिनं नुसती वास घेऊन बाजूला सारली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी भात केला, वर लाखोळीच्या डाळीचं वरण घातलं, आणि घेऊन गेले. मुलगी माझ्या कडेवर होती. यायो दाराच्या उजेडात पडली होती. मी तिला उठवून भिंतीला टेकवलं आणि पळसाच्या पानावर भात वाढला.

"हा तांदूळ कोणाचा हाय?" तिनं विचारलं.

मनात आलं की मालगुजारानं दिला असं सांगावं. ते सांगितलं असतं तर तिनं सुखानं खाल्लं असतं. पण तिच्या मुलाबद्दल तिच्याशी खोटं बोलणं मला जमेना.

"तुया पोराचा हाय, यायो."

ती पानाकडे बघत राहिली. माझी मुलगी हात पुढे करून भाताकडे झेपावत होती. यायोनं चार शितं उचलून तिच्या तोंडात घातली. मग एक घास स्वतः घेतला.

"चांगला शिजला हाय," ती म्हणाली.

तिनं सगळा भात खाल्ला, सावकाश, पानाला लागलेलं बोटानं पुसून. पाणी प्याली. मग मला म्हणाली की मला बाहेर ने. मी तिला काखेत धरून अंगणात आणलं. तिथं तिनं दोन्ही हात जमिनीवर टेकले आणि एकदम मोठ्यानं रडायला सुरुवात केली. त्यांच्यात मेलेल्या माणसासाठी आळवून रडायची एक रीत आहे, त्या सुरात. भर दुपारी, सगळं गोंडीत. टोलीतून बाया धावत आल्या. त्यांना वाटलं मी गेले किंवा माझी मुलगी गेली. आम्हा दोघींना धड बघून त्या गोंधळल्या. एकीनं वाकून यायोला विचारलं, कोण गेलं? यायोनं मुलाचं नाव घेतलं. इतक्या वर्षांत मी तिच्या तोंडून ते नाव पहिल्यांदा ऐकलं.

त्या बाया एकमेकींकडे न बघता तिच्याभोवती खाली बसल्या आणि तिच्या सुरात सूर मिळवून रडू लागल्या, जणू तो आज सकाळी गेला होता. मला गोंडी सगळं कळत नाही. पण त्या त्याच्या लहानपणाचं काही काही आठवून सांगत होत्या, हे कळत होतं. कोणाची शेळी त्यानं नदीतून वाचवलेली, कोणाच्या लग्नात तो किती नाचलेला. मीही रडले. मी त्या मुलाला पाहिलेलंसुद्धा नव्हतं. माझ्या अंगावरचं मांस त्याच्या पैशाचं होतं, माझ्या कडेवरची मुलगी त्याच्या पैशाची होती.

पाऊस लागायच्या आत दगड उभा केला. नदीकाठचा उंच, निमुळता दगड माणसांनी खांद्यावर आणला. माझा नवरा त्यांच्यात होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. खड्डा खणायची वेळ आली तेव्हा त्यानं कुदळ मागून घेतली. टोलीतल्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि त्याला खणू दिलं.

त्यानंतर यायो ते पैसे उघडपणे खाऊ लागली. आम्हालाही देत राहिली. तिला काम करायचं कारण नव्हतं आणि अंगात ताकदही नव्हती. मी तिला रोज न्हाऊ घाली, ओट्यावर आणून बसवी. मुलं तिच्या अंगाखांद्यावर खेळत. मला वाटायचं, आता तरी हिला सुख मिळेल. माझ्यासाठी ते बसणं म्हणजे नव्यानं श्वास घेणं होतं. तिचं तसं नव्हतं. ती बसून असायची एवढंच. पूर्वी रस्त्यावर कोणी अनोळखी माणूस दिसला की तिची मान वळायची. आता पोस्टाचा माणूस आला तरी ती वळून बघत नसे. मी तिचा अंगठा धरून शाईत बुडवायची.

नातवंडांच्या वादात मी गप्प बसते ती यामुळे. पैशांनी माझी कमर मोकळी केली, माझी मुलगी जगवली, गावातल्या मुलांना एक सावली दिली. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि कोणी म्हटलं की फुकट खाऊन माणूस बिघडतो, तर मला त्याच्यासमोर माझा ओटा उभा करावासा वाटतो. पण तेच पैसे यायोलाही मिळत होते, माझ्या आधीपासून, आणि तिला त्यांनी एक दिवसही मोकळं केलं नाही. ते ज्यासाठी मिळत होते ते तिला नको होतं. मला काहीच गमवावं न लागता मिळाले, कारण गमावणारी ती होती. कोणाचा मुलगा न जाता सगळ्यांनाच तसे मिळाले असते तर काय झालं असतं, हे मला माहीत नाही. तसं कधी झालंच नाही.

पुढच्या वर्षी आर्द्रा नक्षत्र लागलं आणि यायो गेली. सकाळी मी पेज घेऊन गेले तेव्हा तिचं अंग गार झालेलं होतं. टोलीतल्या लोकांनी तिचं सगळं रीतीनं केलं. पोस्टाचा माणूस पुढच्या खेपेला आला, मी त्याला सांगितलं. त्यानं टोपी काढली, थोडं पाणी मागितलं, पिऊन परत गेला. पैसे बंद झाले. ते तिच्या नावाचे होते, तिच्याबरोबर संपले. त्यात कोणाचा अन्याय नव्हता.

रोवणा जोरात सुरू होता. मी नवऱ्याला म्हटलं की उद्यापासून जाते. सकाळी मी मुलीला दूध पाजलं, झोळीत निजवलं, दाराला बाहेरून कडी लावली. ओट्यावर रोजच्यासारख्या बाया मुलं घेऊन आल्या होत्या. माझा पदर खोचलेला बघून त्या थांबल्या. एकेक बाई आपलं मूल घेऊन आपल्या घरी परत गेली आणि थोड्या वेळानं रिकाम्या हातानं बाहेर आली. मग आम्ही सगळ्या मिळून निघालो.

बांधीत त्यांनी सरकून मला ओळीत जागा करून दिली. शेजारच्या बाईनं रोपांची जुडी माझ्याकडे टाकली. पाणी थंड होतं. मी वाकले. वाऱ्याची दिशा गावाकडून होती आणि मध्येच रडण्याचा बारीक आवाज येत होता. एवढ्या लांबून कोणाचं मूल आहे ते ओळखू येत नव्हतं. प्रत्येकीला ते आपलंच वाटत असावं. ओळ पुढे सरकत होती, आणि कोणी मान वर केली नाही.